नांदायला दिलेली शेवंती

“मी बघत न्हाय हां!” असं मोठ्यानं बजावून आमच्या समोरच्या आक्का स्वतःच्याच बागेकडे पाठ करून उभ्या राहायच्या. दोन्ही हात कमरेवर, नजर रस्त्यावर. त्यांच्या मागे गल्लीतलं कुणीतरी वाकून एखादं रोप उपटत असायचं. काम झालं की चोरानं खाकरायचं. मग आक्का वळायच्या आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चहाचं विचारायच्या.

मागून नेलेलं रोप जगत नाही, ते चोरूनच न्यावं लागतं, असं तुमच्याकडेही कुणीतरी म्हणत असेल. आपण ते हसण्यावारी नेतो. आक्कांनी त्याचा कायदा केला होता. कुणी सरळ रोप मागितलं तर त्या साफ नाही म्हणायच्या. पण खुरपं कुठं आहे, ओलं फडकं कुठं वाळत घातलंय, हे मात्र आवर्जून सांगायच्या. चोराची इतकी बडदास्त मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

कोल्हापुरातली आमची गल्ली काही बंगल्यांची नाही. आक्कांची बाग म्हणजे घराच्या कडेनं गेलेला चार पावलं रुंदीचा पट्टा. त्यात जास्वंद होती, गवती चहा होता, अळू होतं. पण त्यांचा जीव होता तो शेवंतीत. फूल रुपयाएवढं, पांढरं. मार्गशीर्षात थंडी वाढली की त्याच्या कडा हळूहळू गुलाबी होत जायच्या. ही शेवंती त्यांनी लग्नात शाहूवाडीकडच्या माहेराहून आणली होती, आणि त्यांच्या आईनंही ती आपल्या माहेराहूनच आणली होती.

“गाडीत बसायच्या आदी आई म्हनली, जा, परड्यातनं घे जा, मी बघत न्हाय. आन् पाठ केली तिनं,” आक्का सांगायच्या. “मला वाटलं रीत हाय म्हून केली. लई वर्सांनी, माझी लेक सासरी निगाली तवा कळलं. पाठ करून रडत हुती आई.”

माझं लग्न झालं त्या वर्षी मीही रीतसर चोरी केली. आक्कांनी पाठ केली, मी दोन फुटवे उपटले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत कुंडीत लावले. खाली उतरलो तर आक्का म्हणाल्या, “मास्तर, लेक दिलीया तुमच्या घरात. नीट नांदवा.”

तेव्हापासून दिसलो की पहिला प्रश्न तोच. “नांदती न्हवं?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फुटव्यांपासून नवी झाडं कशी होतात हे गेली कित्येक वर्षं फळ्यावर आकृती काढून सांगतो. आकृतीला पाणी घालावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. शेवंतीचं तसं नसतं. फुलं संपली की ती छाटायची, उन्हाळाभर सांभाळायची आणि पावसाच्या तोंडाला तिचे फुटवे वेगळे करून नव्या मातीत लावायचे. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावाला गेलो. परत आलो तर कुंडीत काड्या होत्या.

“नांदती न्हवं?” आक्कांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

“मजेत आहे,” मी म्हणालो.

यात माझं काय चुकलं, असं मी मनाला बरेचदा विचारलं. गुडघ्यांमुळे आक्का आमचे दोन जिने कधीच चढणार नव्हत्या. त्यांना बरं वाटत होतं, मला लाज वाचवता येत होती. एकदा खोटं बोललं की पुढं ते आपोआप चालू राहतं. मी तर भरीत भर घालत गेलो. या वर्षी चाळीस फुलं आली, कडा छान गुलाबी झाल्या, आमच्या हिनं अंबाबाईला वाहिली. आक्का ऐकत राहायच्या. पदरानं तोंड पुसायच्या.

मग एका उन्हाळ्यात त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे हातकणंगल्याला गेल्या. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या मुलानं घराच्या कडेला फरशीचे ब्लॉक बसवून घेतले. थोरला वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. आईला तिथल्या चिखलात दोनदा पाय घसरून पडताना त्यानं पाहिलं होतं. ऑपरेशन करून येईल तेव्हा तिला सपाट जमीन मिळावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं जास्वंद राखली, गवती चहा राखला, अळूसाठी आळं ठेवलं. जे जे हिरवं दिसलं ते सगळं राखलं. उन्हाळ्यातली शेवंती म्हणजे वाळक्या काड्या आणि मातीलगत चार बारीक फुटवे. ते गवत समजून मातीबरोबर ट्रॉलीत गेलं.

आक्का आल्या. काळा चष्मा लावून त्या ब्लॉकवर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. चपलेच्या टोकानं एक जागा नुसती चाचपत राहिल्या. थोरल्याला काय झालं ते कळलं तेव्हा तो मटकन पायरीवर बसला. दोन दिवस जेवला नाही. पन्नाशीचा गडी, आईपुढं बसून लहान पोरासारखा रडला.

गल्लीत शोधाशोध झाली. आठ-दहा घरांनी शेवंती चोरली होती आणि सगळ्यांनीच ती माझ्यासारखी घालवली होती. फरक इतकाच, की त्यांनी तसं कबूल केलं.

“रडू नगंस,” आक्का थोरल्याला म्हणाल्या. “मास्तरांच्यात हाय की माझी लेक.”

थोरल्यानं धावत येऊन माझे दोन्ही हात धरले. “सर, तुम्ही वाचवलंसा मला,” म्हणाला. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतंत, असं मी धरून चालतो. मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी शिरोलीकडच्या एका नर्सरीत गेलो. “गावठी पांढरी शेवंती आहे का? कडा गुलाबी होणारी?”

“सगळी गावठीच हाय की, पावणं,” नर्सरीवाला म्हणाला. “कडंचं काय, थंडीवर असतंय.”

मी ती आणली. आमच्या जुन्या कुंडीत लावली, कुंडीला थोडी जुनी माती फासली. आठवड्यानं कुंडी खाली नेऊन जिन्याच्या पायथ्याशी ठेवली. आक्का काठी टेकत आल्या, मागे थोरला खुरपं घेऊन. आता रीतीप्रमाणे पाठ मी करायची होती.

“मी बघत नाही हां,” मी म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. बरं झालं. दाखवायला तोंड होतंच कुठं? मागे त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, माती उकरल्याचा आवाज येत होता. त्या बऱ्याच वेळानं खाकरल्या.

थोरल्यानं चार ब्लॉक उचकटून आळं केलं. रोप जोमानं वाढलं. मी येता-जाता कळ्या आल्यात का बघायचो. फूल आलं की सगळं कळणार होतं, आणि मी फुटवे शिकवणारा मास्तर, फूल येऊ नये असं मनातल्या मनात म्हणत होतो.

मार्गशीर्षात फुलली. पांढरी शुभ्र. मोठी, गोल, दुकानात मिळतात तशी. कडेला गुलाबीचा ठिपकासुद्धा नाही.

आक्कांनी मला बोलावून घेतलं. थोरला आळ्याशेजारी उकिडवा बसला होता. “आई, कडा कशा गं पांढऱ्याच?”

“औंदा थंडी कुठं पडली?” आक्का लगेच म्हणाल्या. “फुडल्या वर्सी हुतील. जा, मास्तरांना च्या सांग.”

तो आत गेला. आक्कांनी एक फूल बोटांनी वर उचललं, नव्या डोळ्यानं नीट पाहिलं.

“मास्तर,” त्या हळू म्हणाल्या, “ही लेक न्हवं. ही सून हाय.”

मी मान खाली घातली. “आक्का, माझी तिसऱ्याच वर्षी—”

“असू दे. सून तर सून, नांदंल की. फकस्त थोरल्याला सांगू नगा. आत्ता कुठं चार घास गोडीनं खातोय त्यो.” मग फुलाकडे बघत म्हणाल्या, “माझी मातुर संपली वो. आईची हुती.”

काही विकत आणून देता आलं असतं तर मी जगाच्या पाठीवरून आणलं असतं. थोरला चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी थंडी न पडल्याबद्दल गप्पा मारल्या.

पुढच्या श्रावणात आक्का गेल्या.

या वर्षी कोल्हापुरात कडाक्याची थंडी पडली. सकाळी शाळेला निघालो तर थोरला कानटोपी घालून आळ्याशी उभा होता. शेवंती भरगच्च फुललेली, सगळी पांढरी.

“सर, तुम्ही विज्ञानवालं. एवढी थंडी पडूनबी कडा का हुईनात? माझ्याच हातनं काय बिघडलंय का?”

“माती बदलली ना,” मी म्हणालो. “वेळ लागतो. पुढच्या वर्षी होतील.”

त्यानं मान डोलावली. मग खुरपं माझ्या हातात दिलं. “तुमच्या कुंडीत आता काय न्हाय न्हवं? न्या की दोन फुटवे. आईची आठवन. मी बघत न्हाय हां.”

आणि कमरेवर हात ठेवून तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी खाली वाकलो, दोन फुटवे उपटले आणि खाकरलो. तो वळला नाही. मी पुन्हा खाकरलो. त्याचे खांदे हलत होते. शाळेची वेळ होऊन गेली तरी हातात ती सून धरून मी त्याच्या मागे तसाच उभा राहिलो.