सांबराच्या मटणाची ट्रायल

सांबराच्या मटणाचा खिमा काढायला घरात कुठलं मशीन ठेवावं, असं तुम्हाला कुणी भरदुपारी, चार माणसांदेखत विचारलं तर तुम्ही काय कराल?

वनविभागाला फोन कराल? उगा फुशारक्या मारू नका. विचारणाऱ्याच्या गळ्यात जाड साखळी असेल, दारात पांढरी गाडी असेल आणि गाडीच्या काचेवर कुठल्यातरी पदाचं स्टिकर असेल, तर तुम्ही हसाल. "काय दादा, जोर दिसतोय रानात," म्हणाल, आणि आपल्यालाही कधी आवतण येतंय का ते बघाल. शबनूर मुजावरच्या दुकानात त्या दिवशी उभ्या असलेल्या पाच जणांनी हेच केलं. शबनूरनं त्याच्याही पुढचं केलं. तिनं मशीन निवडून दिलं.

शबनूर खिम्याची मशीनं बनवते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात पत्र्याचं शेड आहे, तेच दुकान आणि तोच कारखाना. तिचे वडील बादशहा मिस्त्री शिरोलीत लेथवर उभे राहून म्हातारे झाले. तिथल्याच एका फाउंड्रीतून मशीनच्या बॉड्या ओतून येतात आणि प्रत्येक बॉडीवर उठावदार अक्षरांत "बादशहा" असं नाव असतं. पोरगी नववीत शाळेतून बाहेर पडली तेव्हा बापानं तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि आतलं दुखणं ऐकायचं. सुरुवातीला खाटीक यायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं हाय गं?" ती म्हणायची, "मिस्त्री मीच हाय. बोला, न्हायतर वाट सोडा." वीस वर्षं झाली, आता तसं कुणी विचारत नाही.

तिच्या दुकानाची एक रीत आहे. ट्रायलशिवाय मशीन विकायचं नाही. गिऱ्हाइकानं आपला अर्धा किलो माल आपणच आणायचा, कारण कुणी कोवळं बोकड कापतो, कुणी म्हातारी शेळी, कुणी नुसतं चिकन. शबनूर तो माल आपल्या हातानं मशीनला लावते, जाळीतून पडणारा खिमा चिमटीत धरून बघते आणि मग सांगते, हे घे किंवा हे घेऊ नको. तुझा माल, माझं मशीन. या रितीचा तिला लई गर्व. या रितीनंच तिला गोत्यात घातलं.

डिसेंबरातली गोष्ट. गगनबावड्याच्या रस्त्याला फार्महाऊस असलेला विश्वजित दुकानात आला. जमिनी घेणं-विकणं हा त्याचा धंदा. मागून त्याचा राखणदार गुंडू थर्माकोलचा डबा पोटाशी धरून आला.

"अक्का, घरात ठेवायला मशीन पायजे. इलेक्ट्रिक."

"घरात? किती माणसं तुम्ही?"

"माणसं चारच. पण दर शनिवारी पंगत असती की आपल्यात. पन्नास पानं उठत्यात."

"माल कशाचा?"

"रानातला हाय. वळखा बघू."

गुंडूनं झाकण काढलं. काळपट लाल मांस, चरबीचा टिपूस नाही, धागा जाड, वर पांढरा चिवट पडदा. शबनूरच्या हातातनं आजवर जेवढं मटण गेलंय तेवढं शहरातल्या कुठल्या खाटकाच्या गेलं नसेल. हे बोकडाचं नाही, मेंढीचंही नाही, हे तिला वरनंच कळलं.

"डुक्कर असलं तर आधीच सांगते, माझ्या मशीनला लावणार न्हाय."

"छ्या छ्या! तुमचा धरम मी बाटवीन व्हय अक्का? सांबर हाय, सांबर. परवाच पाडलंय."

सगळे हसले. एकानं तर टाळी दिली.

इथं थांबा आणि नीट बघा. बाईनं धर्माचा प्रश्न विचारला, कायद्याचा विचारलाच नाही. आणि तो गडी इतका निर्धास्त, की धर्म सांभाळायच्या नादात गुन्हा बोलून मोकळा झाला. सांबर मारलं तर तुरुंगात जावं लागतं हे त्या दुकानातल्या आठही माणसांना ठाऊक होतं. पण पाहुण्याच्या ताटाला हात लावू नये, तसं मोठ्या माणसाच्या गुन्ह्याला कुणी हात लावत नाही.

शबनूर एवढं तरी म्हणाली, "दादा, असला माल इथं नको. घेऊन जावा."

विश्वजितनं गुंडूला मान हलवून खूण केली. "चल रं, लाव झाकण. मला ठावं हुतं. कोल्हापुरात सगळी बोकडाचीच मशीनं. पुण्यास्नं मागवतो. चिवट मालाचं काम बाईमाणसाचं न्हाय."

झालं. बाईच्या वर्मी बसलं. कोल्हापूरच्या कारागिराला शिवी द्या, तो एकवेळ सोडून देईल. पण "तुला जमत नाही, पुण्यात जमतंय" एवढं म्हणा, तो स्वतःचं घर पेटवून तुम्हाला उजेड दाखवेल.

"ठेव तो डबा," शबनूर म्हणाली.

पहिल्यांदा तिनं लहान, बारा नंबरचं मशीन लावलं. दोन मुठी माल गेला आणि पडद्याच्या शिरा स्क्रूला गुंडाळल्या. मोटर गुरगुरली, खिम्याच्या जागी लगदा पडायला लागला. "बघितलं? ह्ये तुमच्या कामाचं न्हाय. आणि मोबाईलवर दिसतंय ते चकचकीत तर घेऊच नका. त्याच्यावर दीड-दोन हजार वॅट लिवलेलं असतंय, ती मोटर अडकून पडल्यावरची ताकद. चालताना त्याच्या निम्मीबी नसती." मग बावीस नंबर काढलं. एक एचपी, तांब्याची वाइंडिंग, लोखंडी गिअर, उलटं फिरवायचं बटण. "जंगली माल म्हणजे नुसत्या शिरा. अडकला की उलटा फिरवायचा. पडदं सुरीनं आधी सोलायचं. बोटाएवढं तुकडं करून फ्रीजरात कडक गार करायचं, गरम मालाचा चिखल हुतोय. आधी मोठ्या भोकाची जाळी, मग बारीक. आणि थोडी बोकडाची चरबी घाला, न्हायतर खिमा भुशागत कोरडा हुईल."

खिमा असा सुटा पडला, की विश्वजितनंही चिमटीत धरून बघितला. शबनूरची मान ताठ झाली. आणि तेवढ्यात मशीनमध्ये टक्क असा आवाज झाला.

तिनं बटण बंद केलं, रिंग खोलली. पातं आणि जाळीच्या मध्ये शिशाचा तुकडा रुतला होता, हरभऱ्याएवढा. पात्याचा टवका उडाला होता, जाळीला खड्डा पडला होता.

"गोळी काढून आणायची अक्कल न्हाय व्हय रं तुला?" विश्वजित गुंडूवर खेकसला.

गुंडू खाली बघून म्हणाला, "तुमी म्हनला, बिगीबिगी काप. काप म्हनलासा, कापलं."

शबनूरनं नवी जाळी, नवं पातं चढवलं आणि मशीन गाडीत गेलं. खराब जाळी तिनं शिशासकट भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. सगळ्या मोडक्या जाळ्या ती तिथंच लावते, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला, की मशीनमध्ये काय घालू नये.

फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. सांबराची शिकार, राखणदार अटकेत. फोटोत गुंडू मान खाली घालून उभा, समोर टेबलावर शिंगं, कातडं, सुरा आणि बावीस नंबर मशीन. "बादशहा" हे नाव फोटोत लख्ख वाचता येत होतं. खाली मालकाचं बोलणं छापलेलं: आम्ही विश्वासानं ठेवलेल्या माणसानं आमच्या पाठीमागे हा प्रकार केला, आम्हाला धक्का बसला आहे.

धक्का बसला म्हणे! शनिवारच्या पंगतीत वाढलेलं काय तो डोळे मिटून गिळत होता?

दोन दिवसांनी गुंडूची बायको विमला दुकान शोधत आली. नाव मशीनवर होतं, तेच विचारत विचारत आली. शबनूरनं तिला स्टुलावर बसवलं, तर ती जमिनीवर बसली.

"ताई, मशीन आमच्या खोपटात सापडलं म्हंत्यात. तुमी मशीन करता, तुमीच सांगा. आमच्यात एक बल्ब जळतोय, त्योबी तारंवरचं आकडं वाऱ्यानं हाललं की इजतोय. ह्या मशीनची पिन बघा केवढी जाडी. आमी ती कुठं घालायची? चुलीत?"

शबनूरला पिन आठवली. पंधरा अँपियरची पिन. साधं बटण जळून जातं. खोपटाच्या भिंतीत त्या पिनेचं भोक आहे का, एवढं कुणी बघितलं असतं, तर गुंडू तासाभरात सुटला असता. पण गरिबाच्या भिंतीत कोण बघतं? तिथं फक्त सामान आणून ठेवायचं असतं.

"त्यांच्याजवळ बंदूक न्हाय ओ," विमला म्हणाली. "कोयता हाय. कोयत्यानं सांबर पडतंय का?"

त्या संध्याकाळी शबनूरनं खिळ्यावरची जाळी काढून फडक्यात गुंडाळली. बादशहा मिस्त्री खाटेवरनं उठून बसले.

"जाऊ नगंस. आपल्या नावाच्या माणसानं मांसाचा विषय काढला की पुढं काय हुतंय, मी तुला शिकवायला पायजे?"

"अब्बा, तुमचं नाव त्या शिंगांशेजारी ठेवलंय टेबलावर. आता घरात बसून काय राखायचं हाय?"

"दुकान राखायचं हाय."

"दुकानात खोटं मशीन कधी इकलं न्हाय आपण. आता खोटा गुन्हेगार इकू व्हय?"

म्हाताऱ्यानं खाटेवर पाठ फिरवली. तो चिडला होता आणि त्याचं बरोबरही होतं. बरोबर असलेल्या माणसाला धुडकावून जाणं सगळ्यात अवघड असतं. ती गेली.

वनविभागाच्या कचेरीतला साहेब तरुण होता, बोलायला गोड. "अर्ज ठेवून जावा मॅडम, बघतो आम्ही."

शबनूरनं फडकं सोडून जाळी टेबलावर ठेवली. "अर्ज न्हाय. जबाब लिवा."

त्यानं शिसं निरखलं. मग पेन उघडलं. तिनं सगळं सांगितलं, पडद्यापासून पिनेपर्यंत. लिहिता लिहिता तो थांबला.

"म्हणजे शिकारीचं मांस तुमच्या दुकानात काढलं?"

"काढलं."

"सांबर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

एवढ्यावरच सगळं होतं. "न्हाय" म्हणाली असती तर घरी गेली असती. पण मग विश्वजित ते बोललाच नाही असं झालं असतं, आणि गुंडू आतच राहिला असता.

"माहीत हुतं. त्यानंच सांगितलं, माझ्या तोंडावर."

"तुम्हीपण आरोपी होऊ शकता. कळतंय का?"

"शाळा नववी हाय साहेब, पण तेवढं कळतंय. लिवा. पयलं नाव त्याचं, दुसरं माझं. गुंडूनं डबा उचलला आणि सांगितलं तसं कापलं, ते बी लिवा. त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या अंगावर एक अक्षर टाकलासा, तर मी ह्या पायरीवरनं उठत न्हाय."

जबाब झाला. जाळी जप्त झाली. तिच्या दुकानातलं ट्रायलचं टेबलही सील झालं, लाखेचा ठसा आहे त्यावर. फोनवर निरोप फिरायला लागले, की त्या बाईच्या दुकानात काय काय काढतात बघा. तीन खाटकांनी दुरुस्तीला दिलेली मशीनं परत नेली. एक तर तिच्याकडनंच उधारीवर मशीन घेऊन हातगाडीवर धंदा शिकलेला, तोसुद्धा नजर चुकवून गेला. आणि विश्वजितचा वकील सांगतो, आमचा अशील त्या दुकानाची पायरी कधी चढलाच नाही, बाई धंद्याच्या रागातून बोलते.

मग शबनूर त्या पाच जणांच्या दारात गेली. एक जण म्हणाला, मी त्या दिवशी सांगलीला होतो. दुसऱ्याला अचानक कमी ऐकू यायला लागलंय. टाळी देणारा म्हणाला, "अक्का, तुला कशाला पायजेत ह्या भानगडी?" पाच मर्दांपैकी एकाच्याही तोंडातून सांबर हा तीन अक्षरी शब्द निघाला नाही. मिशा मात्र पाचांच्याही पिळलेल्या.

गुंडूचा जामीन अजून झालेला नाही. साहेब म्हणतात, एकटीच्या शब्दावर मोठ्या माणसाला हात लावता येत नाही, दुसरा साक्षीदार आणा. दुसरा साक्षीदार आहेच की! दर शनिवारी विश्वजितच्या पंगतीत तुमची पन्नास पानं उठत होती. ताटासकट फोटो काढलेत तुम्ही, विश्वजितच्या खांद्यावर हात टाकून, आणि स्टेटसला लावलेत. तुमच्यातले किती जण आज हे वाचताय ते आम्हाला ठाऊक नाही. पण वाचताय, हे नक्की.

तो फोटो पुसू नका. येत्या सोमवारी सकाळी तो घेऊन कचेरीत या. दारात विमला बसलेली असेल, तिला ओलांडून आत जा, आणि ताटात काय होतं, वाढत कोण होतं, ते तुमच्या तोंडानं लिहून द्या.