कंबरमोडीचा पाला

घोडेगावच्या बाजारात मी बैलाचे दात बघत होतो, तेवढ्यात बैलाने माझ्या पायावर खूर ठेवला. अंगठ्यातून रक्ताची धार लागली. लढाईच्या त्या दिवसांत टिंक्चर नगरलासुद्धा मिळत नसे. शेजारी कासरे विकत बसलेल्या म्हातारीने आधी बैलाला आणि मला एकाच शिवीत बसवलं. मग बसल्या जागेवरून, न बघताच मागे हात घालून तिने बांधावरचा पाला ओरबाडला आणि तळहातावर चोळायला लागली.

"कसला पाला, मावशी?"

"कंबरमोडीचा."

मी पाय मागे ओढला. "अहो, अंगठा फुटलाय. कंबर धड आहे माझी!"

"नावाला काय भितोस, लेकरा? माज्या नावात साखर हाय. कशी हाय ते आमच्या म्हाताऱ्याला इचार."

दाव्याला पीळ घालत बसलेला म्हातारा मान वर न करता म्हणाला, "कंबरमोडी!"

बाजार हसला. हिरवा रस झोंबला, पण रक्त थांबलं. ती चिंधी बांधत होती, तेव्हा म्हातारा हळूच पुटपुटला, "पर लागल्या-खुपल्याला हीच लागती."

म्हातारी लाजली आणि तिने गाठ इतकी करकचून आवळली, की मी पुन्हा ओरडलो.