गोजाबाईची बारा तासांची गोळी

गोजाबाई, कुणी स्तुती सुरू केली की तू चहा टाकायच्या निमित्तानं उठून जायचीस. आता जाऊन वर्ष होत आलं तुला, उठता यायचं नाही. तेव्हा गुमान ऐक.

नवरा गेल्यावर तळवड्यातलं स्प्रिंगांचं वर्कशॉप तू एकटीनं चालवलंस. चाकणच्या कंपनीतून माल परत आला, तर ड्रायव्हरच्या आधी तूच त्या कंपनीच्या गेटवर भांडायला हजर. कॅन्सर मणक्यात उतरला तेव्हाही तुझा हट्ट एकच: खंडेनवमीला मशिनींची पूजा मीच करणार, शुद्धीत आणि बसून.

आधी मॉर्फिनच्या लहान गोळ्या होत्या. थोड्या वेळात आराम, चार तासांत पुन्हा कण्हणं. तुझी सून मोनिका घड्याळाकडे बघून मेटाकुटीला आली. मग डॉक्टरांनी सावकाश सुटणारी, बारा तास पुरणारी गोळी दिली. लहान गोळी फक्त मध्येच कळ उठली तर. मी शेजारची निवृत्त मास्तरीण, फरक समजावायला सरसावले.

"कळलं वो बाई. थोरली पाळीवर येती, बारा तास जागा सोडत न्हाई. धाकटी ब्रेकडाउनला बोलवायची."

तुझी जाऊ शालनबाई कुजबुजली, "पर याची सवय लागती म्हनं."

"लागू दे. फुडच्या जन्मी सोडीन."

खंडेनवमीच्या सकाळी तुझा घसा कोरडा पडलेला. शालनबाईनं मायेनं थोरली गोळी सहाणेवर मधात उगाळली, पोराला मात्रा देतात तशी. "उगाळलं की लवकर लागू पडतं," म्हणत वाटी तुझ्या ओठांशी आणली. तू हात आडवा घातलास.

"बारा तासांचं एकदम पोटात घालतीस व्हय गं? मशिनी ऱ्हातील बाजूला, माझीच पूजा घालाल!"

शालनबाई रडायलाच लागली.

"रडतीस काय? गोळी गेली, मी हाय न्हवं अजून."

मोनिकानं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, उगाळलेली देऊ नका, दुसरी अख्खी गिळवा. तू घोटाघोटानं पाणी पीत ती गिळलीस. कळ ओसरेपर्यंत गुरुजींना चहावर चहा पाजला मी.

मग खुर्चीसकट तुला शेडमध्ये नेलं. दंडावर सैल झालेला हिरवा ब्लाउज पिना लावून बसवलेला. एकेका मशिनीला हळदकुंकू, झेंडूची माळ. शेवटच्या, सगळ्यात जुन्या मशिनीपाशी तुझा चेहरा पांढरा पडला. तू नुसतं बोट वर केलंस. मोनिकानं लहान गोळी हातावर ठेवली.

गुरुजी चुळबुळले, "मुहूर्त टळतोय, आजी."

"थांबंल. मालकीन मी हाय."

सगळं शेड थांबलं. मग तुझा रंग परतला, मशिनीला कुंकू लागलं, नारळही तूच वाढवलास. एका फटक्यात. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, तर ओरडलीस, "प्रसाद घ्या, टाळ्या काय वाजवताय!" मी आयुष्यभर मोठ्या समारंभांच्या पहिल्या रांगेत बसले. इतकी ताठ मान मी तिथं पाहिली नाही.

घरी आल्यावर तो ब्लाउज माझ्या हातात कोंबलास. "शिंप्याकडं टाका बाई. पर कापू देऊ नका, शिवण आत दाबायची. मी परत भरणार हाय."

"टाकते," म्हटलं.

माझ्या पिशवीत आहे तो अजून, पिनांसकट.