आधी ड्रोन, मग साडू

माझ्या साडूइतका भित्रा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, आणि हे सांगतोय मी, ज्याच्या घरी पाल दिसली की बायकोला हाक जाते. हा गृहस्थ सुरतेत डिंडोलीतल्या आपल्या इमारतीच्या लिफ्टमधून आधी पिशवी एकटी वर पाठवतो. ती सुखरूप पोचल्याचं बायकोने वरून ओरडून कळवलं की मग स्वतः चढतो. उतरायणात पतंगांच्या मांज्याच्या भयाने गळ्याला मफलर, त्यावर टॉवेल. धंदा पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांची धुराडी ड्रोनने तपासण्याचा, कारण धुराड्यावर चढायची भीती. आमच्याकडे सत्यनारायणाला आला तेव्हाही, कुत्रं मोकळं आहे का ते पाहायला आधी ड्रोन आला. मी गच्चीवर पंचा नेसून अंग पुसत होतो, तसाच टाकीमागे जाऊन बसलो.

असा माणूस एक दिवस म्हणाला, "भाऊ, अंटार्क्टिकाला चाललो. बर्फावरून गाड्या जातात, त्यांच्या पुढे ड्रोन उडवून भेगा शोधायच्या."

"अरे, तुला निवडलं कोणी?"

"मुलाखतीत विचारलं, भीती वाटते का. मी खरं ते सांगितलं."

दर रविवारी आम्ही मेहुणीकडे जमायचो, तेव्हा त्याचा फोन यायचा. थंडीने बॅटऱ्या मान टाकतात म्हणून तिने जुन्या लुगड्याच्या गोधडीच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. त्या पोटाशी बांधून हा तिकडे हिंडे. मागच्या महिन्यात मात्र त्याचा आवाज कापत होता. ड्रोनच्या चित्रात बर्फावर केसासारखी एक सावली दिसली होती. तुकडीचा प्रमुख म्हणाला, "लेन्सवर केस असेल, सुरती, चल." याने लेन्स पुसली, तीनदा ड्रोन फिरवला; केस जागचा हलेना. शेवटी हा पहिल्या गाडीसमोर फतकल मारून बसला. वैतागून त्यांनी तिथे सळई खुपसली, तर ती अख्खी आत गेली आणि कशालाच टेकली नाही. वर नुसता पापुद्रा, खाली पोकळी.

"एक दिसली, भाऊ. न दिसलेल्या किती असतील? उद्या पुन्हा पुढे निघायचंय. पहिल्या गाडीत मीच."

फोन स्पीकरवर होता आणि मेहुणी शेजारीच उभी. आयुष्यभर आम्ही सगळ्यांनी त्याला 'भिऊ नकोस' म्हणून चिडवलेलं. तेच ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "भीत राहा रे. कोणी कितीही हसलं तरी भीत राहा."

तो म्हणाला, "बरं."

आता रविवारी फोनला उशीर झाला की मेहुणी मेथी निवडायला घेते, आणि संपली की निवडलेलीच पुन्हा निवडते. तिला धीर द्यावा म्हणून मीही समोर बसून एकेक काडी मोडत राहतो.

"दाजी, देठं नका टाकू भाजीत," ती म्हणते, फोनवरची नजर न काढता.