चारशे अंशांवरचा आकडा

आमच्या वहिनीला त्या प्रयोगशाळेत मीच चिकटवलं. मी तिथला ड्रायव्हर, ती बारावी पास. सिरॅमिकचे बारीक तंतू घालून बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भट्टीत चारशे अंशांवर तापवायची आणि यंत्राने ओढून तोडायची, हे तिचं काम. नुसतं अ‍ॅल्युमिनियम त्या तापात ढिलं पडतं, तंतू त्याला सावरतात. किती ओढ सोसली, तो आकडा लिहायचा. पंधरा वर्षं हेच. दादा चिडवायचा, आमच्या बायकोला तोडफोडीचा पगार मिळतो.

एकदा आकडा असा चढला की सगळे नाचायचेच बाकी राहिले. हा धातू मोठ्या साहेबांनी बनवलेला. दुसऱ्या दिवशी इंजिन बनवणारे पाहुणे तो बघायला येणार होते. आणि आमची बाई तुटलेले तुकडे भिंगाखाली धरून बसलेली.

"साहेब, हा आकडा खोटा आहे. पट्टी पुरती तापलीच नव्हती."

मी खुणेने गप्प बस म्हटलं, पण ऐकेल तर शपथ! तापलेली पट्टी तुटली की तुटल्या जागी तंतू केसांसारखे बाहेर येतात, इथे सगळं सपाट आहे, असं तिचं म्हणणं. ताप मोजणारी तार पट्टीवरून सुटून भट्टीच्या भिंतीला टेकली होती, म्हणजे चारशे अंश भिंतीचे होते, पट्टीचे नव्हते. साहेब म्हणाले, तुटतानाच्या धक्क्याने सुटली असेल.

"नाही. मीच सैल बांधली. चूक माझी आहे."

झालं, म्हटलं, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. तिने पुन्हा तार बांधून दुसरी पट्टी तोडली. आकडा हवा होता त्याच्याही खाली आला. पाहुणे आल्या पावली परत गेले आणि साहेब महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

आठ महिन्यांनी साहेबांनी नवा धातू आणला. तार वहिनीनेच बांधली. आकडा चढत चढत त्या खोट्या आकड्याच्याही वर गेला, मग पट्टी तुटली. खोलीत पाच शिकलेली माणसं आणि दारात मी. पण टाळी कुणीच वाजवेना, सगळे वहिनीकडे बघत राहिले. साहेबांनी स्वतः भिंग तिच्या हातात दिलं.

"ताई, तुम्ही सांगा."

तिने दोन्ही तुकडे सावकाश फिरवून बघितले.

"खरा आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. पहिली माझी.