गाडलेल्या धबधब्याचा वाटाड्या

माँटसेराट बेटाच्या उत्तर टोकाला, लिटल बेच्या धक्क्यावर अँटिग्वाहून येणारी फेरी-बोट लागली की पाहुण्यांना हाका मारायला बरेच जण पुढे सरसावतात. टॅक्सीवाले, बोटवाले, टोप्या विकणाऱ्या बायका. त्या गर्दीच्या मागे गोदामाच्या भिंतीला टेकून एक उंच, वाळलेला माणूस उभा असतो. तो कुणाला हाक मारत नाही. ज्याला वाटाड्या हवा असतो त्याला कुणीतरी त्याच्याकडे बोट करून दाखवतं.

“काय आल्प्स, ती भिंत पडणार होती का आज? धरून उभा राहिलास ती!” वेस्टन बोटवाला जाता जाता टोमणा मारतो.

“तू तुझी बोट धर. तीच बुडेल आधी,” आल्प्स म्हणतो आणि जागचा हलत नाही.

त्याचं खरं नाव कथबर्ट स्वीनी. पण त्याच्या ओळखपत्राखेरीज ते नाव आता कुठंच चालत नाही. बेटाच्या दक्षिणेला, सेंट पॅट्रिक गावामागच्या घळीत, ग्रेट आल्प्स नावाचा धबधबा होता. कथबर्ट त्याच गावचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पाहुण्यांना व्हाइट नदीच्या पात्रातून वर न्यायचा. नदीतले दगड गंधकानं पिवळे-तांबडे झालेले, पाणी कुठं कोमट, कुठं गार. चालून चालून पाहुणे रडकुंडीला आले की कथबर्ट म्हणायचा, “ऐका, ऐका जरा.” सगळे थांबायचे, आणि समोरच्या वळणापलीकडून तो आवाज यायचा. वळण संपलं की उंच कड्यांच्या मधोमध पाण्याची पांढरी दोरी लोंबलेली दिसायची. गोरे पाहुणे कपड्यांनिशी कुंडात उतरायचे. कथबर्ट खडकावर बसून पेरू खायचा आणि त्यांचे चेहरे पाहायचा. धबधबा त्याच्या बापजाद्यांचा असावा अशा थाटात तो परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या माना डोलवून घ्यायचा, “पाहिलंत? सांगितलं होतं की नाही?”

गावातल्याच गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात अर्नेस्टीन नावाची मुलगी होती. तोंडानं फटकळ. सगळं गाव धबधब्याचं कौतुक करायचं, ती म्हणायची, “पाणीच ते. वरून खाली पडतं. त्यात काय?” एका रविवारी चर्चनंतर कथबर्टनं तिला फुकट वर नेलं. ती कुंडाजवळ बसून मान वर करून पाहत राहिली. मग म्हणाली, “बरंय.” कथबर्ट तेवढ्यावर खूश झाला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव लाव्हर्न.

पंचाण्णव साली बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर जागा झाला. आधी नुसता वास आणि धुरळा. मग एके दिवशी दुपारी दिवे लावावे लागले इतकी राख पडली. दक्षिणेतल्या लोकांना उत्तरेला हलवलं. स्वीनी कुटुंबाला एका शाळेच्या वर्गात जागा मिळाली, चार कुटुंबांत मिळून एक. मध्ये चादरी बांधलेल्या. कुणाचं पोर खोकलं की सगळ्यांची झोप मोडायची. “महिन्याभराची गोष्ट आहे,” कथबर्ट सगळ्यांना सांगायचा. “डोंगर दमतो. दमला की झोपतो.”

डोंगर दमला नाही. घसरत आलेल्या तापल्या दगडधोंड्यांनी व्हाइट नदीची घळ काठोकाठ भरली. ज्या दिवशी धबधबा गाडला गेला तो दिवस नेमका कोणता, हे कथबर्टला कधीच कळलं नाही. तिकडं जायला बंदी होती. डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळींपैकी एकानं हेलिकॉप्टरमधून पाहून येऊन रमच्या दुकानात सहज सांगितलं, “तो तुमचा आल्प्स? गेला तो.” कथबर्टनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सत्त्याण्णवमध्ये लोक घोळक्याघोळक्यानं बेट सोडू लागले. अर्नेस्टीननं मुलीला घेऊन इंग्लंडला, लेस्टरला, आपल्या मावशीकडे जायचं ठरवलं.

“तू पण चल,” ती म्हणाली.

“तुम्ही व्हा पुढे. इथलं निवळलं की मीच बोलावतो परत.”

“आणि नाही निवळलं तर?”

“मग मी येतो.”

ती फोनवर विचारत राहिली. दर वेळी तो म्हणायचा, या ईस्टरनंतर बघू, या पावसाळ्यानंतर बघू. तिला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. लाव्हर्न तिथल्या शाळेत जाऊ लागली, तिचे उच्चार बदलले, फोनवर तिला बापाचं बोलणं दोनदा विचारून घ्यावं लागे. पुढे अर्नेस्टीननं विचारणं सोडलं. तिच्या घरात आता बार्बाडोसचा एक बसचालक राहतो, हे कथबर्टला तिसऱ्याकडून कळलं. भांडण असं झालंच नाही. फोन आधी नाताळाला येत राहिले, मग तेही नाही.

सरकारनं लुकआउट वस्तीत बांधलेल्या घरांतलं एक त्याला मिळालं. काम म्हणून तो उत्तरेतल्या जागा दाखवू लागला. सगळ्या बेटाची वाळू काळी, एक रांदेव्हूचा किनारा तेवढा पांढरा. टेकडी चढून उतरून तिथं जावं लागतं. तो पाहुण्यांना मँचिनीलची झाडं दाखवायचा, “याच्या सावलीत बसू नका, फळाला हात लावू नका, चीक लागला तर कातडी सोलून निघते.” पाहुणे पोहायला गेले की तो वाळूत बसायचा. किनारा सुंदर आहे, यात वादच नाही. पण इथं वळणावर थांबून “ऐका” म्हणावं असं काही नव्हतं. टेकडीवर चढलं की अर्ध्या वाटेवरूनच सगळं दिसून जायचं.

गेल्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक या संताच्या उत्सवाला, लाव्हर्न आली. बरोबर तिच्या कामावरच्या दोन मैत्रिणी. त्यांनी वुडलँड्सला बंगला भाड्यानं घेतला होता. कथबर्ट इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर, भिंत सोडून, अगदी पुढे उभा होता. तिशी ओलांडलेली एक बाई त्याच्यासमोर येऊन थांबली आणि तिनं हात पुढे करावा की मिठी मारावी या घोळात दोन्ही अर्धंअर्धं केलं.

“हे आपले गाईड का?” एका मैत्रिणीनं विचारलं.

“हो. म्हणजे, माझे वडील आहेत हे.”

तो त्यांच्यासोबत सगळीकडे हिंडला. रनअवे ओढ्याशी थांबल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं की इथलं पाणी प्यालेला माणूस फिरून माँटसेराटला येतोच. मैत्रिणी प्यायल्या. लाव्हर्ननं ओंजळ धरली, वास घेतला.

“डॅडी, हे शुद्ध केलेलं असतं का?”

“पोटाला काही होत नाही गं.”

“नको, माझं पोट नाजूक आहे,” म्हणून तिनं हात झटकले. मैत्रिणी हसल्या, तोही हसला.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला तुमचा धबधबा होता ना, ती जागा बघायचीय. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मम्मी सांगते, तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात.”

डोंगर त्या दिवसांत शांत होता, बोटींना दक्षिणेकडे जाऊ देत होते. वेस्टन तर रोज पाहुण्यांना गाडलेलं प्लिमथ शहर समुद्रावरून दाखवायचा. इतक्या वर्षांत त्यानं कितीदा तरी म्हटलं असेल, चल आल्प्स, एक चक्कर मार. आल्प्सला दर वेळी काहीतरी काम निघायचं. आता लेकीला नाही कसं म्हणणार? तो बोटीत चढला.

प्लिमथ आलं तेव्हा मैत्रिणींनी फोटो काढले. राखेतून वर आलेले मजले, रिकाम्या खिडक्या. कथबर्टनं बँक ओळखली, औषधांचं दुकान कुठं असेल तेही सांगितलं. मग बोट आणखी दक्षिणेला वळली. आपलं गाव तर सोडाच, किनाराच ओळखीचा राहिला नव्हता. जिथं लहानपणी तो बापाबरोबर जाळं टाकायचा, तिथं आता जमीन होती. करड्या दगडमातीचा भला मोठा पंखा समुद्रात पसरलेला. वर डोंगरापर्यंत सगळं एकसारखं, मधूनच वाफेची एखादी रेघ. नदी नाही, झाड नाही, घळ नाही.

“कुठं होता, डॅडी?”

तो उभा राहिला. टोपी काढून त्यानं कपाळावर हात आडवा धरला. एक कडा त्याला ओळखीचा वाटला, मग वाटलं तो नव्हेच. वेस्टननं इंजिन मंद केलं. तिघी वाट पाहत होत्या.

“तो बघ,” कथबर्ट म्हणाला आणि करड्या उतारावरच्या एका खाचेकडे बोट दाखवलं. “त्याच्या मागे.”

लाव्हर्ननं फोटो काढला. त्याला कडेला उभं करून आणखी एक काढला. “मम्मीला पाठवते,” ती म्हणाली.

धक्क्यावर परत आल्यावर मुली पुढे गेल्या, तेव्हा वेस्टन दोर बांधता बांधता हळूच म्हणाला, “तीच जागा होती का रे?”

“काय माहीत.”

“मग?”

“तिनं विचारलं ना,” कथबर्ट म्हणाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लाव्हर्न एकटीच लुकआउटला त्याच्या घरी आली. त्यानं सकाळपासून बकऱ्याचं मटण मंद आचेवर ठेवून लवंगा घालून रस्सा केला होता. ती घरभर पाहत होती. एक पलंग, एक खुर्ची. दुसरी त्यानं शेजारून आणलेली.

“तुम्ही का नाही आलात हो?” पाव रश्शात बुडवत तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

“वाटायचं, आता निवळेल, मग निवळेल.”

“आणि नंतर?”

“नंतर तुझ्या आईनं बोलवायचं सोडलं.”

“मग आता या. माझ्याकडे राहा. जागा आहे.”

“तिथं लोकांना काय दाखवू मी?”

ती खळखळून हसली. त्यानं विनोद केलाय असं तिला वाटलं. तोही मग हसला. जाताना तिनं या वेळी नीट मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीनं ती गेली.

चारेक दिवसांनी त्याचा फोन वाजला. लेस्टरचा नंबर होता.

“कथबर्ट, ती जागा नव्हे ती.” नमस्कार नाही, चमत्कार नाही. अर्नेस्टीनचा आवाज जाडसर झाला होता, फटकळपणा तोच. “पोरीला भलतंच दाखवलंस तू. तो कडा उजवीकडे राहायचा. धबधबा त्याच्या डावीकडे, आत.”

“आत म्हणजे किती आत? सगळं भरलंय गं. तू पाहिलेलं नाहीस.”

“फोटो मोठा करून पाहिलाय मी. तो टोकदार सुळका दिसतो ना, त्याच्या खाली. आपण बसलो होतो तिथून तो सुळका बरोबर डोक्यावर यायचा.”

“तो सुळका नवीन आहे.”

“नवीन कसला? मला नको शिकवूस.”

दोघं बराच वेळ भांडली. कुंड कुठं, पेरूचं झाड कुठं, उतरायची वाट कोणत्या अंगानं. इतकं बोलणं त्यांच्यात शाळेतल्या त्या चादरींमागेही झालं नसेल. मग तिकडं दाराचा आवाज आला, एक पुरुष काहीतरी विचारत होता. “आले, आले,” ती म्हणाली. आणि फोनमध्ये, “बरंय. जप स्वतःला.”

“अर्नेस्टीन,” तो म्हणाला. पण तोवर फोन बंद झाला होता.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्यानंही केला नाही. आणखी एकदा जाऊन तो सुळका नीट पाहून यावा असं त्यानं वेस्टनला बोलून दाखवलं, वेस्टन लगेच तयारही झाला. पण त्याच आठवड्यात डोंगर पुन्हा धुमसायला लागला आणि दक्षिणेचा समुद्र बोटींना बंद झाला. शेजारीण आपली खुर्ची मागायला आली. ती उचलून देताना तो म्हणाला, “राहू दे की अजून थोडे दिवस.”

“कोण येणार आहे का?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला आणि खुर्ची तिच्या अंगणात नेऊन ठेवून आला.