डाळिंबी चमचा

आळीतल्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी महाडला शाळेत होते, मधली सुट्टी नुकतीच संपली होती. "बाई, हे गेले वो..." एवढंच त्या बोलल्या. पुढचा तास मी घेतला, काय शिकवलं ते आठवत नाही, आणि मिळेल त्या एसटीने पोलादपूरला आले. गणूभाऊंना कुडपणला, त्यांच्या गावी, न्यायची गाडी निघायच्या बेतात होती. त्याला आता दीड महिना झाला.

गणूभाऊंची सारी नोकरी मुंबईत एका गॅरेजात, मोटारींना रंग मारण्यात गेली. नाकाला रुमाल बांधून त्यांनी किती रंग ओढला असेल देव जाणे. निवृत्त होऊन पोलादपुरात आमच्या आळीत राहायला आले ते छातीचं दुखणं घेऊनच. रंगाच्या वासाला उभंसुद्धा राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी भूगोल शिकवणारी, आणि मला वेड लहान मोटारींचं. वितीएवढ्या प्लास्टिकच्या गाड्या जोडायच्या आणि छोट्या स्प्रेने रंगवायच्या. या वयात भातुकली खेळतेस का, असं माझी बहीण अजून विचारते.

तरी आमची ओळख झाली ती रंगाच्या दुकानातच. माझ्या एका निळ्या गाडीच्या टपावर बारीक खड्डे पडत होते, रंग तिथून नुसता पळून जायचा. तीनदा खरवडून मारला तरी तेच. थिनर खराब आहे, बदलून द्या, म्हणून मी दुकानदाराशी हुज्जत घालत होते. बाकावर बसलेल्या एका किरकोळ म्हाताऱ्याने गाडी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी केली आणि मग माझ्या वेणीकडे बघितलं.

"बाई, थिनरला कशाला दोष देता? तेल हाय हे. डोकीला खोबरेल लावता आन् त्याच हातानं बॉडी धरता. तेलावर रंग बसत नाय."

मला रागच आला. पण घरी जाऊन हात आणि गाडी दोन्ही साबणाने धुतले, वाळवले, रंग मारला. एक खड्डा नाही! दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले.

मग आमची पद्धतच पडली. मी मागच्या खोलीत दार लावून, मास्क घालून रंग मारायचा आणि भाऊंनी पुढे ओटीवर बसायचं. मास्क न घालता मारलेला रंग ते बघायचेच नाहीत. गाडीवर थेट रंगाचा हात मारायचा नाही, आधी स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर. तो दांड्याला धरून बाहेर न्यायचा. "चमच्याची पाठ म्हंजे गाडीचा टप. तिथं रंग खोटं बोलत नाय." चमचा तिरका करून ते निदान सांगत. संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत आला, म्हणजे लांबून मारला. ओघळ आला, म्हणजे एका जागी हात थांबला. सगळं माफ असे, फक्त वाळला का ते बघायला रंगाला बोट लावलेलं चालत नसे. ती खोड मला फार. "बोट लावतो तो पेंटर नाय वो, गिऱ्हाईक!" हे मी किती वेळा ऐकलं असेल.

यंदा मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. तरुणपणी त्यांनी एका गाडीसाठी डाळिंबी रंग जमवला होता. मालकाला तो आवडला नाही, आठवड्यात गाडी परत आली आणि भाऊंनी स्वतःच्या हाताने तो घासून वर काळा मारला. "त्यो एकदा बघायचाय, बाई." मी बरं म्हटलं आणि सुट्टी वाया घालवली. पेपर, लग्नं, पाहुणे... त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

रंग जमवेपर्यंत जुलै उजाडला. आमच्याकडे जुलैत भिंतींनासुद्धा पाणी सुटतं. रंग मारला की वाळता वाळता ताकासारखा पांढुरका व्हायचा. "हवेतली ओल धरतोय. थांबा, दसऱ्यापातूर." पण भाऊंना तोवर चार पावलांवर धाप लागत होती. दसऱ्याची वाट बघायची माझी हिंमत नव्हती. मी घाईने गाडीच रंगवली आणि पांढुरकी तशीच त्यांच्यापुढे ठेवली. 

"पुसा."

"भाऊ, तुम्हाला बघायचाय ना?"

"बघीन तर नीट बघीन. नायतर नाय."

मी रडत रडत थिनरने गाडी पुसली. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गणपती गेल्यावर एकदा चांगलं खडखडीत ऊन पडलं. मी उशिरा उडणारं थिनर घेतलं, चमचा उन्हात कोमट केला आणि पातळ हात मारला. आला! खोल, काळपट लाल, आरशासारखा. दांड्याला धरून तो भाऊंच्या हातात दिला. ते कितीतरी वेळ नुसते बघत होते. "ह्योच," म्हणाले. चमचा घरी नेऊ का, असंही विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "न्या, पण उद्यापर्यंत बोट लावू नका." ते खोकला लागेपर्यंत हसले. त्यानंतर चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

दसऱ्यानंतर कोरड्या हवेत मी गाडी रंगवली. बरी झाली आहे, भाऊंनी दोन चुका तरी काढल्या असत्या. ती दाखवायला गेले तेव्हा वहिनींनी कपाटातून चमचा काढून दिला. "ह्यो तुमचा हाय बगा. यांच्या सदऱ्याच्या खिशात व्हता."

चमच्याच्या पाठीवर, अगदी मधोमध, अंगठ्याचा ठसा होता. रंग ओला असताना उमटलेला, रेघन् रेघ दिसणारा. म्हणजे त्याच संध्याकाळी लावलेला... मला थांबायला सांगणाऱ्या भाऊंना स्वतःला एक रात्रही थांबवलं नाही.

ठसा काढणं अवघड नाही. पाणी लावून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि वर एक पातळ हात मारायचा, भाऊंनीच शिकवलंय. चमचा माझ्या टेबलावर गाडीशेजारी तसाच आहे. पुसायला उचलते तेव्हा दांड्यालाच धरते.